ताणा घट्ट झाल्याची खूण

सोमवार, ३० नोव्हेंबर १९५९

ही वही हिशेबाची नाही आणि आत्मचरित्राचीही नाही. ही माझ्या गॅसची वही आहे.

गेले दोन महिने छातीत वायू भरतो. गल्लीतले हेरंब डॉक्टर म्हणाले, जयवंतराव, काय खाता आणि वायू केव्हा धरतो ते रोज लिहून ठेवा, महिन्याने बघू. मी बावन्न वर्षांचा माणूस, गिरणीत साचेखात्याचा जॉबर. साठ साचे, म्हणजे माग, आणि त्यांवरचे विणकर सांभाळतो. आणि आता वाल किती खाल्ले ते लिहीत बसायचं. पण आमच्या मंडळींनी वही आणून पुढ्यात टाकली. गंगूच्या मते सगळा दोष वालांचा. "तुमका वाल सोसनत नाय, पण आयकता कोण?"

आजचं खाणं: सकाळी चहा, बटर. दुपारी भाकरी, सुकट, वालाची उसळ. पाळी सुटल्यावर घरी आलो, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वायू भरला. क्षणभर कठड्याला धरून उभा राहिलो, गेला. खाऊन चार तास झाले होते. म्हणजे वालच.

गुरुवार, ३ डिसेंबर

सकाळी नुसता चहा. घोडपदेवचा चढ चढताना गार वारा तोंडावर आला आणि वायू भरला. चहाने एवढा वायू होतो हे मला माहीत नव्हतं.

रस्त्यात असं मधेच थांबलं की लोक विचारतात, काय झालं. म्हणून मी भिंतीवरच्या घोषणा वाचायला लागलो आहे. चढावर तीन भिंती आहेत. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे मी आठवड्यात वीस वेळा तरी वाचलं असेल. खरं म्हणजे ते भिंतीवर चुन्याने रंगवलं मीच, छप्पन साली. नाक्यावरचा पानवाला हसून म्हणाला, अण्णा, पाठ होत नाही का अजून?

शनिवार, ५ डिसेंबर

आज लवूवर फार तापलो. लवू माझ्या हाताखालचा विणकर, आमच्याच गावचा, तिरोड्याचा, दोन पोरींचा बाप, माणूस शहाणा. पण आज त्याने नुसता गाढवपणा केला.

साचेखात्यात आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. दोन बोटं कपाळाला लावली की साहेब आला. मूठ आवळून छातीवर दाबली की ताणा घट्ट झाला आहे, साच्यामागची वजनं कमी कर. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. ते फार ताणले गेले की पटापट तुटतात.

नवीन बीम चढवत होतो, म्हणजे ताण्याचं ते जड लाटणं. खांदा लावला आणि वायू आला. जरा बाजूला खांबाला टेकलो. बघतो तर लवूने पळत जाऊन आपल्या चालू साच्याची वजनं काढलेली, कापड ढिलं पडलेलं, हातभर माल फुकट. मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? तो म्हणतो, तुम्हीच खूण केलीत. मी कशाला करीन? साचा उत्तम चालला होता. तरी हा आपला म्हणतो, अण्णा, मूठ छातीवर होती तुमची, देवाशपथ.

खाणं: डबा अजून उघडलाच नव्हता.

रविवार, १३ डिसेंबर

आता नवीन ताप. तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन वर चढवत होतो तर डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. पोतं टाकलं, बसलो, थांबली. गंगू म्हणाली, वायूचा दाढेशी काय संबंध, दाढ किडली असणार. दातवाल्याला दाखवली. त्याने हलवून पाहिली आणि म्हणाला, किडलेली दिसत नाही, पण काढायची तर काढतो. मी म्हटलं काढ, कटकट नको.

मंगळवार, १५ डिसेंबर

दाढ गेली. जिन्यात ठणका तिथेच, दाढ नसलेल्या जागी. दातवाल्याला शिव्या घातल्या.

रविवार, २० डिसेंबर

लिहायला लाज वाटते, पण गंगूला वाचता येत नाही, म्हणून लिहितो.

पेपरात येतंय की दिल्लीवाले आता राजी आहेत, मुंबई आपल्याला मिळणार. लालबागेत सभा होती. आमच्या मोर्चाची घोषणा गेली चार वर्षं मी देतो. गिरणीच्या भोंग्यानंतर माझाच आवाज, असं खात्यातले म्हणतात. झेंडा धरून झपाझप चालत होतो. मी नेहमीसारखा श्वास भरला, "मुंबईसह" म्हटलं आणि पुढचं आलंच नाही. छाती भरली ती भरलीच. डावा हात जड झाला, झेंड्याची काठी निसटायला लागली. शेकडो माणसं तोंड उघडून थांबलेली, झालाच पाहिजे म्हणायला. मागून लवूने घोषणा पुरी केली.

सगळ्यांना वाटलं मला भरून आलं. एका म्हाताऱ्याने येऊन पाठीवर हात ठेवला, म्हणाला छप्पन साली त्याचा भाऊ गोळीबारात गेला. मी मान हलवली. त्याला काय सांगू, की मला गॅस झाला होता?

खाणं: पोहे. हात जड झाला तो काठीमुळे.

सोमवार, ४ जानेवारी १९६०

हेरंब डॉक्टरांकडे गेलो. वही घरीच विसरलो. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि विचारलं, छातीत दुखतं का? मी म्हटलं, नाही. ते खरं आहे. दुखत नाही. दुखणं मला माहीत आहे, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा साच्यातून उडून दंडावर बसला होता तेव्हा दुखलं होतं. हे काही तसं नाही. त्यांनी सोड्याची पूड दिली.

जिन्यात थांबावं लागतं हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर ते गिरणीपर्यंत जायला किती वेळ लागतो? अनफिट हा इंग्रजी शब्द आमच्या गिरणीत पोरासोरांनाही कळतो. भिवा मुकादमाला गेल्या वर्षी तसं लिहून दिलं, तो गावी गेला आणि सहा महिन्यांत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. गंगूने आज मला उपाशीच ठेवलं, पोट रिकामं तर वायू कुठून येणार म्हणून. दुपारी नळावर शेजाऱ्याशी पाण्यावरून वाजलं. मी काही खाल्लं नव्हतं, चाललो नव्हतो, चढलो नव्हतो, फक्त तापलो होतो. तरी भरला.

गंगू म्हणाली, रिकाम्या पोटीपण गॅस होता. बाईमाणसाच्या पुढे वाद चालत नाही. तिळगूळ दिला, खाल्ला. मग शेजाऱ्याला पण दिला.

शुक्रवार, २२ जानेवारी

पूर्वी तिसऱ्या मजल्याला थांबायचो, मग दुसऱ्याला, आता पहिल्याच जिन्यात. सोड्याची पूड संपली. मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

आज खात्यात परत झालं. बीमला हात लावला आणि घाम फुटला, गार घाम. खांबाला टेकलो. समोर लवू. या वेळी त्याने आपल्या साच्याकडे बघितलं. साचा ठीक होता. मग माझ्याकडे बघितलं. परत साच्याकडे. आणि साचा बंद करून सरळ माझ्यापाशी आला, माझी मूठ हातात धरून एकेक बोट उघडलं. मी त्याला ढकललं. तेवढ्या आवाजात तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात. तो म्हणाला, ताणा तुमचाच घट्ट आहे, अण्णा.

पाळी सुटल्यावर घरी येऊन त्याने गंगूला सगळं सांगितलं. चाळीत चहाडखोर म्हणतात ते हेच.

सोमवार, २५ जानेवारी

परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. गेलो म्हणजे नेलं. एका बाजूला गंगू, दुसऱ्या बाजूला लवू, मधे मी आरोपीसारखा.

तपासायला डॉक्टर कौसल्या गडकर म्हणून बाई होत्या. वय तिशीचं, चष्मा, केस घट्ट बांधलेले. मी मनात म्हटलं, झालं, पोरगी आपल्याला काय सांगणार. त्यांनी विचारलं, छातीत दुखतं? मी म्हटलं, नाही. जळजळतं? नाही. टोचतं, चमक मारते? नाही. मग नेमकं काय होतं? मी सांगायला गेलो आणि शब्दच सापडेना. चार वर्षं मोर्चात ओरडणारा माणूस, मुका होऊन बसलो.

मागून लवू म्हणाला, "बघा बाई, परत केली ह्यांनी खूण."

मी खाली बघितलं. माझी उजवी मूठ छातीच्या मधोमध आवळलेली होती. ती तिथे केव्हा गेली ते मला कळलं नाही, शपथ घेऊन सांगतो. पाच डिसेंबरला मी लवूला गाढव म्हटलं होतं. त्या वेळचं गाढव कोण ते आज समजलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ही कसली खूण, म्हणाल्या. लवूने सांगितलं, ताणा घट्ट झालाय, मागची वजनं काढा, नाहीतर धागे तुटतील. बाईंनी माझी मूठ तशीच धरून शेजारच्या टेबलावरच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली. त्यांना म्हणाल्या, दुखतं का विचारलं की पुष्कळ माणसं नाही म्हणतात, कारण ते दुखणं नसतं, आवळणं असतं. तेव्हा उत्तराबरोबर हाताकडेही बघत जा.

गंगूने पिशवीतून ही वही काढली. मी म्हटलं, अगं, ती कशाला. पण बाईंनी घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. दाढेपाशी कपाळाला हात लावला. मग लाल पेन्सिल घेऊन खुणा करत गेल्या. मला वाटलं वालांवर करतील. त्यांनी खुणा केल्या त्या जिना, चढ, गार वारा, बीम, पोतं, झेंडा, भांडण यांवर. आणि जिथे जिथे 'थांबलो, गेला' अशा अर्थाचं लिहिलं होतं, त्याच्याखाली दोन रेघा.

"जयवंतराव, तुम्ही सगळं बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फक्त खाण्याच्या ऐवजी श्रमाचं लिहितोय हे तुम्हाला माहीत नव्हतं."

मग समजावून सांगितलं. हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं. ते नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत. बसलेलं असताना पुरतं. चढलं, उचललं, तापलं की जास्त लागतं आणि पोचत नाही, मग ते आवळून तक्रार करतं. जबड्यातला ठणका आणि डाव्या हाताचा जडपणा हीही तीच तक्रार. गंगू पटकन म्हणाली, म्हणजे आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या नळासारखा. खालच्यांनी तोट्या सोडल्यानी की आमका थेंब नाय. बाई म्हणाल्या, अगदी तसंच.

मी विचारलं, म्हणजे मी मरणार का? त्या म्हणाल्या, कळलं नसतं तर लवकर मेला असतात. आता कळलंय.

गुरुवार, २८ जानेवारी

छातीचा कार्डिओग्राम काढला. काढणारा शामराव, उंच, सावळा, बोलायला मोकळा. मला ओळखलं त्याने. म्हणाला, मोर्चात घोषणा देता ते तुम्हीच ना? मी डिलाईल रोडच्या चाळीतला. माझे वडील तुमच्याच गिरणीत होते, सूतखात्यात.

त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. साचेखात्यात यायला बघत होते. आम्ही येऊ दिलं नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, महाराच्या तोंडचा धोटा कोण धरणार, असं आमच्या खात्याने ठरवलं होतं आणि मी त्यात होतो. आज त्यांचा लेक माझ्या छातीवर तारा लावत होता. मी म्हटलं, तुमच्या वडिलांशी आम्ही वाईट वागलो. त्याने हात थांबवला नाही. म्हणाला, हो, सांगायचे ते. आता श्वास सावकाश घ्या.

झोपून काढलेला कागद चांगला आला. मी उठायला लागलो, म्हटलं बघा, काही नाही. बाई म्हणाल्या, झोपून तुम्हाला होतं कुठे? दोन लाकडी पायऱ्या आणल्या आणि त्यांवर चढ-उतर करायला लावली. बाईंचा हात नाडीवर, शामरावने माझा दंड धरलेला. थोड्या वेळाने छाती आवळली. शामरावने लगेच झोपवून तारा जोडल्या, कागद काढला. बाईंनी जिभेखाली बारकीशी गोळी ठेवली. डोकं ठणकलं, कान तापले, आणि दोन मिनिटांत छातीवरचं सगळं उतरलं. कोणीतरी मागची वजनं काढली. मला रडू आलं आणि मी रडलो.

दुसऱ्या कागदावर रेघ खाली गेली होती. शामरावने बोट ठेवून दाखवली. एवढीशी रेघ, आणि माझी दाढ गेली तिच्यापायी.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

बिडी बंद. हे सगळ्यात कठीण. गोळीची बाटली कायम खिशात. चढ चढायच्या आधी एक, बसून. बसल्याजागी आलं किंवा गोळीने गेलं नाही तर तडक इस्पितळ, वाट बघायची नाही, हे गंगूने बाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

बाईंनी गिरणीला चिठ्ठी दिली. अनफिट लिहिलं नाही. जड उचलणं नको, बाकी काम करू शकतो, असं लिहिलं. मला कापड तपासणीला टाकलं. खिडकीपाशी टेबल, कापडातले दोष शोधायचे. पहिल्या दिवशी अपमान वाटला. आज लवूच्या साच्याचा तागा आला, त्यात चार दोष काढले आणि बरं वाटलं.

सोमवार, २८ मार्च

पाडवा. घरापासून लालबागपर्यंत चालत गेलो आणि आलो, सावकाश, दोनदा थांबून. भिंती वाचल्या नाहीत. सरळ थांबलो. पानवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हृदय. तो घाबरला, मी नाही. त्याने बसायला खुर्ची दिली.

लवूने खात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मुठीचे आता दोन अर्थ. साच्याजवळ दिसली तर साच्याचा. जयवंतअण्णांची दिसली तर अण्णांचा.

सकाळीच गंगूने विचारलं होतं, मग वालांचा काय? मी बाईंना विचारून आलो होतो. वाल निर्दोष सुटले.

रविवार, १ मे १९६०

महाराष्ट्र झाला. मुंबईसह.

सकाळी घोडपदेवहून मिरवणूक निघाली. मी बाईंना शब्द दिला होता की ओरडणार नाही आणि झपाझप चालणार नाही. झेंडा लवूकडे. मी त्याच्या शेजारी, रिकाम्या हाताने. मागे आमचं साचेखातं, दोनेकशे माणसं, त्यांच्या बायका, लेझीम, ताशा. निघायच्या आधी गोळी घ्यायची ती आनंदात विसरलो.

चढाच्या मध्यावर, तिसऱ्या भिंतीपाशी, छाती आवळली. पूर्वीचा असतो तर दात खाऊन तसाच गेलो असतो. आजच्या दिवशी तर नक्कीच. पण मी थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून ती खूण केली. मूठ छातीवर दाबली.

लवूने बघितलं. त्याने झेंडा एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताची मूठ आपल्या छातीवर ठेवली. त्याच्या मागच्या रांगेने बघितलं, त्यांनीही ठेवली. मग त्यांच्या मागच्यांनी. ताशाच्या आवाजात निरोप मागे पोचवायला दुसरं काय करणार, खात्याची सवय. बघता बघता चढभर दोनशे मुठी छातीवर आणि मिरवणूक जागच्या जागी थांबली. ताशा थांबला. मी ओट्यावर बसलो, गोळी जिभेखाली ठेवली.

चाळींच्या गॅलऱ्यांतल्या लोकांना काय माहीत साचेखात्याची भाषा. त्यांना वाटलं गोळीबारात गेलेल्यांना आम्ही मानवंदना देतोय. माणसांनी टोप्या काढल्या. बायकांनी हात जोडले. समोरच्या ओट्यावर तो डिसेंबरातला म्हातारा होता, ज्याचा भाऊ गेला. त्याने मूठ आवळली आणि छातीवर धरली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. डिसेंबरात ज्या माणसाला मी खोटी मान हलवली होती, त्याच्याकडे बघत आज मूठ तशीच धरून बसलो, आवळणं उतरल्यावरही.

दोन मिनिटांत मोकळा झालो. उठलो. लवू म्हणाला, "अण्णा, एकच. हळू."

मी ओरडलो नाही. बोललो, नेहमीच्या आवाजात. एवढी शांतता होती की शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," मी म्हणालो, आणि या वेळी घोषणा पुरी केली. चार वर्षांच्या सवयीने सगळे झालाच पाहिजे म्हणायला तोंड उघडून थांबले, आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं की ते आता म्हणायचं नाही. आधी हसू फुटलं. मग झाला, झाला, असं चढभर सुरू झालं.

खाणं: भात, सुंगटाची कढी, वालाची उसळ दोन वाट्या. गॅस: नाही.